रुमालाखाली

गणपती पेठेत आमच्या गादीवर
सौदा बोलून होत नसे.
हळकुंड दाताखाली मोडायचं,
कट्ट झालं की वाळलेलं,
मग हातावर रुमाल पडायचा
आणि घेणारा आत हात घालायचा.
वर दोघांचे चेहरे कोरडे;
यंदा कृष्णेला पाणी बेताचंच, असलं काहीतरी चाललेलं.
खाली बोटं बोटांना सांगत असायची
एवढ्याला जमेल, एवढ्याला नाही.
मी पोत्यावर बसून बघायचे:
दोन माणसं, एक रुमाल,
आणि रुमालाखाली काहीतरी जिवंत.

देवगोंडाआज्जा मुंबईच्या पेढीला तारा करायचे.
शब्दाला पैसे, म्हणून शब्द मोजके.
'लग्न ठरले' म्हणजे माल धरून ठेवा.
'काकू आजारी' म्हणजे भाव पडतोय, काढा.
एका श्रावणात काकू खरंच आजारी पडल्या
आणि पेढीनं आमची दीडशे पोती
संध्याकाळच्या आत विकून टाकली.
तात्या हे रंगवून सांगायचे, हसायचे,
मग अडकित्ता उगाच उघडझाप करत बसायचे.
काकू म्हणजे त्यांची आई.

फोन आला तो पेठेतला तिसरा.
ट्रंक कॉल लागला की तात्या उभं राहून ओरडत,
जणू तार मधेच कऱ्हाडला संपते
आणि पुढे पुण्यापर्यंत गळ्यानंच जायचंय.
माझ्या स्थळाचं काय झालं
ते मला पानवाल्या इरगोंडाकडून कळलं.

आता मार्केट यार्डात मी पडद्यासमोर बसते.
इरोडचा कुणी आकडा टाकतो, हिंगोलीचा वर जातो,
त्यांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत,
त्यांनी माझी हळद चावलेली नाही.
तात्या एकदाच आले होते बघायला.
हिरवे आकडे सगळ्यांसमोर पळताना पाहून
त्यांनी मान फिरवली,
कुणाच्या न्हाणीत चुकून डोकावल्यासारखी.
'उघड्यावर?' एवढंच म्हणाले.

जानेवारीत त्यांची वाचा गेली.
मिरजेचं हॉस्पिटल, खिडकीपाशी खाट.
डॉक्टरीणबाईंनी चित्रांची पाटी दिली:
पाणी, संडास, दुखतंय, घरी.
तात्यांनी ती उलटी करून ठेवली.
उजवा हात मात्र चादरीखाली हलायचा,
बोटं मिटायची, दोन उघडायची, पुन्हा मिटायची.
नर्स म्हणाली, झटके असतात, होतं असं.

चौथ्या दिवशी दस्तगीर तोलार आले,
पिशवीत मोसंबी, पायात गोणपाटाचा वास.
खाटेकडं बघून 'काय मालक' म्हणाले,
स्टूल ओढलं,
खांद्यावरचा पंचा चादरीवर टाकला
आणि हात आत घातला.
बराच वेळ काही नाही.
मग दस्तगीरचाचांनी भुवया चढवल्या.
मग मान नाही म्हणून हलवली.
मग दोघं एकदमच हसले;
तात्यांचं हसू तोंडाच्या एका बाजूनं सांडलं.

काय म्हणाले? मी जिन्यात गाठून विचारलं.
चाचा चपला शोधत होते.
'रुमालाखालचं बाहेर सांगत न्हाईत, बाळ.'
सांगितलं नाहीच.
बत्तीस वर्षं मी त्या पेठेत वाढले,
हळदीचा वास अंगातून जात नाही म्हणून सासरी ऐकून घेतलं,
आणि माझ्या बापाची भाषा
एका तोलाराबरोबर जिना उतरून गेली.

रात्री मी हात घातला चादरीखाली.
मला एकही आकडा येत नाही.
त्यांनी माझी बोटं चाचपली, एकेक,
कच्चा माल बघावा तशी,
मग अंगठा धरला आणि दाबला.
दुसऱ्या हातात फोन थरथरला:
'तात्या कसे आहेत?' सांगली, पुणे, न्यू जर्सी.
डाव्या हातानं चुकत चुकत लिहिलं, 'बोलले आज.'
भराभर अकरा अंगठे उगवले, पिवळेजर्द.

बारावा इथं होता, गार, सुरकुतलेला.
मी हात सोडवायला गेले
तर त्यानं आणखी जोर लावला.
बहुतेक माझा भाव कमी पडत होता.